बाळाचे हाड घडते कसे ?

महोत्सवी स्मरणिकेत आठवणी, अहवाल आणि शुभेच्छा यांना मानाचे स्थान असते, आणि ते योग्यच आहे. पण असा अंक घरोघरी वर्षानुवर्षे जपून ठेवला जातो. तेव्हा आयाबहिणींना आणि वडीलधाऱ्यांना अडीअडचणीला उपयोगी पडेल असा एखादा शास्त्रीय विषयही त्यात असावा, असे चिटणीसांनी सुचविले. म्हणून मी असा विषय निवडला आहे की, ज्याचा संबंध प्रत्येक घरातील पाळण्याशी आहे आणि प्रत्येक घरातील आजीच्या गुडघ्याशीही आहे. तो विषय म्हणजे कूर्चा. ही कूर्चा आईच्या पोटात कशी तयार होते, तिचे हाड कसे बनते, आणि हे सारे काम बिनचूक व्हावे म्हणून शरीरातील सूक्ष्म पेशी एकमेकींना कसे निरोप पाठवितात, हे आपण पाहू.

विषय प्रयोगशाळेतला वाटतो खरा. पण मूल ठेंगणे राहिले म्हणून एखाद्या सुनेला आयुष्यभर टोमणे ऐकावे लागतात, तेव्हा तो प्रयोगशाळेत राहत नाही. तो आपल्या ओसरीवर येऊन बसतो.

कूर्चा म्हणजे काय ?

आपल्या कानाची पाळी सोडून वरचा भाग दोन बोटांत धरून वाकवून पाहावा. तो वाकतो, पण सोडला की पुन्हा पूर्ववत् होतो. नाकाचा शेंडाही तसाच. ही कूर्चा. काही पुस्तकांत तिला उपास्थी म्हटले आहे. ज्यांच्या घरी मांसाहार चालतो, त्यांनी कोंबडीच्या तंगडीच्या टोकाला असलेला पांढरा, गुळगुळीत, दाताखाली कुरकुरणारा भाग पाहिलेला असेलच. तीही कूर्चाच होय.

आपला बऱ्हाणपूर जिल्हा हातमागाचा आणि यंत्रमागाचा. म्हणून विणकराच्या भाषेत सांगतो. कूर्चेत कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे अतिशय चिवट धागे असतात. तो तिचा ताणाबाणा. या धाग्यांच्या जाळ्यात पाणी धरून ठेवणारा एक चिकट पदार्थ भरलेला असतो. धागे ताण सोसतात, पाणी दाब सोसते. म्हणून मशिदीत नमाजासाठी गुडघे टेकताना किंवा इच्छादेवीच्या टेकडीच्या पायऱ्या चढताना गुडघ्यातील हाडावर हाड घासत नाही. या विणीत मधूनमधून कूर्चेच्या पेशी बसलेल्या असतात. ही वीण त्याच विणतात आणि त्याच राखतात. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी : कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. त्यामुळे मोठेपणी ती झिजली तर हाडासारखी सहज भरून येत नाही.

आधी कूर्चा, मग हाड

पुष्कळांची समजूत अशी की, बाळाचे हाड पहिल्यापासून हाडच असते आणि ते फक्त लांबत जाते. तसे नाही. ओतारी जसा आधी साचा करतो आणि मग त्यात धातू ओततो, तशीच काहीशी युक्ती निसर्गाने योजिली आहे. गर्भ चार आठवड्यांचा होताच त्याच्या कुशीवर हातांचे आणि मग पायांचे लहान कोंब फुटतात. त्या वेळी त्यांत हाडाचा मागमूसही नसतो. मऊ, एकसारख्या दिसणाऱ्या पेशींची ती नुसती गर्दी असते. मग पुढे जेथे हाड व्हावयाचे, तेथे त्या पेशी एकमेकींजवळ सरकून दाटी करतात. या दाटीतून सहाव्या आठवड्याच्या सुमारास कूर्चेचा नमुना उभा राहतो : दंडाचा, मनगटाचा, मांडीचा, बोटांचा. आठव्या आठवड्याच्या आसपास या नमुन्याच्या मध्यभागी खरे हाड धरू लागते. कवटीची वरची हाडे यास अपवाद आहेत; ती कूर्चेवाचून थेटच बनतात.

जन्माच्या वेळीही हे काम पुरे झालेले नसते. तान्ह्या बाळाची गुडघ्याची वाटी कूर्चेचीच असते आणि पुढे काही वर्षांनी तिचे हाड होते. लांब हाडांच्या टोकांजवळ तर कूर्चेची एक पातळ पट्टी वयात येईपर्यंत राहते. मुलाची उंची याच पट्टीतून वाढते.

पेशी निरोप कसा पाठविते ?

आता मुख्य प्रश्न. एकसारख्या दिसणाऱ्या पेशींपैकी कोणी कूर्चा व्हावे, कोणी स्नायू व्हावे, हे कोण ठरविते ? तेथे कोणी मुकादम उभा नसतो. पेशी आपापसांत निरोप पाठवितात. एक पेशी एखादे प्रथिन बाहेर सोडते. ते शेजारच्या पेशीपर्यंत पोहोचते. त्या पेशीच्या अंगावर ते प्रथिन ओळखणारे दुसरे प्रथिन असते. त्याला ग्राहक म्हणतात. कुलपाला किल्ली बसावी तसे ते बसते, आणि निरोप आत जातो.

आत गेल्यावर काय होते, हे समजण्यासाठी बऱ्हाणपूरच्या कुंडी भंडाऱ्याची आठवण करावी. १६१५ च्या सुमारास, खानखाना अब्दुर्रहीम यांच्या काळात बांधलेली ही जलयोजना. सातपुड्याच्या पायथ्याशी झिरपलेले पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून एका कुंडीतून दुसऱ्या कुंडीकडे, तेथून तिसरीकडे असे शहरापर्यंत आणले आहे. पेशीतही निरोप एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे असा सरकत शेवटी पेशीच्या केंद्रकात पोहोचतो. तेथे जनुके असतात. निरोप येताच काही जनुके जागी होतात, काही निजतात, आणि पेशीचे आयुष्य पालटते. निरोपाच्या या वाटेलाच शास्त्रज्ञ संदेशमार्ग म्हणतात. कुंड्यांच्या मार्गात कोठे माती ढासळली तर शहराचे पाणी तुटते. तसेच या मार्गातील एक प्रथिन बिघडले, तर हाडाची घडण बिघडते.

आणखी एक गंमत पाहा. निरोपाचा अर्थ पुष्कळदा त्याच्या प्रमाणावरून ठरतो. हाताच्या कोंबात करंगळीच्या बाजूला पेशींचा एक लहानसा गट असतो. तो एक प्रथिन सोडतो. जेथे ते अधिक पोहोचते तेथे करंगळी होते. जसजसे ते विरळ होते तसतशी पुढची बोटे होतात. १९६८ साली साँडर्स आणि गॅसेलिंग या संशोधकांनी कोंबडीच्या गर्भात असा गट कोंबाच्या दुसऱ्या बाजूलाही बसविला, तेव्हा आरशात दिसावीत तशी बोटांची दुहेरी रांग उमटली. आपल्याकडे काही कुटुंबांत पिढ्यान् पिढ्या सहा बोटांची मुले जन्मतात, त्यांपैकी काही घराण्यांत याच निरोपाचे जनुक भलत्या जागी जागे झालेले असते. ग्रहणात आईने विळी हातात धरली म्हणून बोट वाढले किंवा ओठ चिरला, ही समजूत सर्वस्वी निराधार आहे.

अंड्याची खिडकी आणि तळ्यातील हायड्रा

माणसाच्या गर्भावर प्रयोग करता येत नाहीत, करूही नयेत. म्हणून ही विद्या मुख्यत्वे कोंबडीच्या अंड्यातून आणि उंदराच्या गर्भातून मिळाली. अंड्याच्या कवचाला बारीक खिडकी पाडून आतील गर्भ वाढताना पाहता येतो. १९४८ साली साँडर्स यांनी कोंबडीच्या गर्भातील पंखाच्या कोंबाच्या टोकाची पातळ कड काढून टाकली, तर पंखाचा पुढचा भाग झालाच नाही. त्या कडेतून ‘वाढत राहा’ असा निरोप निघत होता. तो पोहोचविणाऱ्या प्रथिनांच्या कुळाला आज एफ्‌जीएफ्‌ म्हणतात.

आपल्या मराठी मुलुखानेही या विद्येत भर घातली आहे, याचा अभिमान वाटला पाहिजे. एडिंबरो येथे वॅडिंग्टन या नामांकित भ्रूणशास्त्रज्ञांपाशी शिकून आलेल्या डॉ. लीला मुल्हेरकर यांनी पुणे विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात कोंबडीच्या गर्भावरील संशोधनाची परंपरा रुजविली. पुढे पुण्याच्याच आघारकर संशोधन संस्थेत डॉ. सुरेंद्र घासकडबी यांनी कोंबडीच्या गर्भाबरोबर हायड्रा या प्राण्याचाही अभ्यास केला. गोड्या पाण्यात राहणारा हा इवलासा जीव. त्याला ना हाड, ना कूर्चा. पण आपली हाडे घडविणाऱ्या निरोपांशी नाते सांगणारी जनुके त्याच्यातही सापडली. याचा अर्थ असा की, निरोपांची ही भाषा हाडांपेक्षा फार जुनी आहे. निसर्गाने नवे घर बांधताना जुन्याच विटा पुन्हा वापरल्या.

कूर्चेची ठिणगी

पेशींनी दाटी केल्यानंतर त्यांना ‘आता कूर्चा व्हा’ हे सांगणारे प्रथिनांचे एक कुळ आहे. त्याला बीएम्‌पी म्हणतात. त्याचा सुगावा १९६५ साली अमेरिकेतील मार्शल युरिस्ट या शल्यचिकित्सकाला लागला. त्याने हाडातील क्षार आम्लाने काढून टाकले आणि उरलेला मऊ भाग प्राण्यांच्या स्नायूत ठेवला. काही आठवड्यांत त्या स्नायूत आधी कूर्चा आणि मग हाड तयार झाले ! हाडाच्या त्या निर्जीव तुकड्यातही निरोप शिल्लक होता.

अशा निरोपाने पेशीत सॉक्स-९ नावाचे जनुक जागे होते. त्याला कूर्चेचा कारभारीच म्हणावे. तो कूर्चेचे धागे आणि पाणी धरणारा पदार्थ यांची जनुके कामाला लावतो. १९९४ साली असे आढळले की, हे जनुक बिघडलेल्या बालकांची हाडे वाकडी व दुबळी होतात आणि त्यांपैकी अनेकांना श्वास घेणेही कठीण जाते. कारण श्वासनलिकेच्या कड्याही कूर्चेच्याच असतात.

जेथे निरोप आहे तेथे त्याला थोपविणारेही पाहिजे. नॉगिन नावाचे प्रथिन बीएम्‌पीला वाटेतच अडविते. दोहोंच्या ओढाताणीतून कूर्चा हवी तेथेच होते, भलतीकडे होत नाही. बांध नसेल तर पाटाचे पाणी सगळ्या केळीच्या बागेत पसरते, हे आपल्या शेतकरी बंधूंना सांगावयास नको.

उंचीची पट्टी

आता त्या वाढीच्या पट्टीकडे वळू. तेथे कूर्चेच्या पेशी नाण्यांच्या चवडीसारख्या रांगेत रचलेल्या असतात. वरच्या पेशी विसावलेल्या, मधल्या भराभर दुभागणाऱ्या, आणि खालच्या फुगणाऱ्या. फुगलेल्या पेशींच्या भोवती चुन्याचे क्षार साठतात, रक्तवाहिन्या आत शिरतात, पुष्कळ पेशी मरतात, काहींचे रूपांतर होते, आणि त्या जागी हाड येते. दुभागणे आणि फुगणे या दोन क्रियांनी हाड लांबते.

यात मोठी अडचण अशी की, सगळ्याच पेशी घाईने फुगल्या तर पट्टी संपून जाईल आणि मूल ठेंगणे राहील. कोणीच फुगली नाही तर हाड होणार नाही. हा तोल कसा साधतो ? पंगतीचे उदाहरण घ्या. वाढपी आत जाऊन सांगतो, “भात संपत आला.” आचारी उत्तर देतो, “दुसरे पातेले उतरेपर्यंत हात राखून वाढा.” तसेच येथे घडते. फुगण्याच्या बेतात असलेल्या पेशी एक निरोप सोडतात. तो हाडाच्या टोकाकडे जातो. तेथून दुसरे प्रथिन उलट उत्तर आणते : “बाकीच्यांनी एवढ्यात फुगू नये, दुभागत राहावे.” ही देवाणघेवाण १९९६ साली उघडकीस आली.

पहिल्या निरोपाचे नाव ऐकून आपणांस हसू येईल. त्याचे नाव ‘इंडियन हेजहॉग’ ! जर्मनीत १९८० साली न्युसलाइन-फोलहार्ट आणि विशाउस यांनी फळमाशीच्या जनुकांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. एका जनुकाच्या बिघाडाने माशीची अळी काटेरी दिसे. म्हणून त्याला हेजहॉग या लहान काटेरी प्राण्याचे नाव मिळाले. या कामासाठी १९९५ साली त्यांना ल्युइस यांच्यासह नोबेल पारितोषिक लाभले. पुढे मोठ्या प्राण्यांत याच कुळातील तीन जनुके सापडली; त्यांपैकी एकाला भारतात राहणाऱ्या हेजहॉगचे नाव दिले गेले. प्रत्येक मुलाच्या उंचीत अशा रीतीने आपल्या देशाचे नाव गुंफलेले आहे.

लगाम अडकला तर

वाढीला चालना देणारे निरोप असतात, तसा लगामही असतो. एफ्‌जीएफ्‌ कुळाचा निरोप घेणारा तिसऱ्या क्रमांकाचा ग्राहक हा वाढीच्या पट्टीतील लगाम होय. निरोप आला की तो पेशींचा वेग कमी करतो; निरोप थांबला की सैल होतो. पण त्या ग्राहकाच्या जनुकात एका अक्षराचा फरक झाला, तर तो निरोप नसतानाही चालूच राहतो. सायकलचा ब्रेक चाकाला सतत घासत राहावा तसे होते. पायडल मारले तरी वेग येत नाही.

यातून जो विकार होतो त्याला अकाँड्रोप्लेशिया म्हणतात. हात-पाय आखूड, धड जवळजवळ नेहमीएवढे, कपाळ पुढे आलेले. साधारण पंचवीस हजार जन्मांत एखादे मूल असे असते. १९९४ साली त्याचे मूळ सापडले, आणि आश्चर्य म्हणजे जवळजवळ सर्व रुग्णांत जनुकाच्या त्याच एका जागी तोच एक बदल आढळला.

आता जे सांगतो ते कृपा करून घरातील सर्वांना वाचून दाखवावे. अशा दहा मुलांपैकी आठ मुलांचे आईबाप नेहमीच्या उंचीचे असतात. त्यांच्यात हा बदल नसतो. तो नव्याने घडलेला असतो. आणि तो नव्याने घडतो तो बापाच्या बीजात, आईच्या नव्हे. बापाचे वय वाढते तशी त्याची शक्यता थोडी वाढते. पण यात बापाचाही अपराध नाही. लक्षावधी अक्षरांची नक्कल करताना एखादे अक्षर चुकावे, तसा तो प्रकार आहे. आईने काय खाल्ले, कोठे गेली, कोणाची सावली पडली, याचा यात काडीमात्र संबंध नाही. तेव्हा सुनेला माहेरी पाठविणे, तिला अपशकुनी ठरविणे, दुसऱ्या लग्नाच्या गोष्टी काढणे, हा अज्ञानातून केलेला अन्याय आहे. ज्या घरात असे मूल जन्मले असेल, तेथे हा अन्याय आजच थांबला पाहिजे.

अशा मुलांची बुद्धी इतर मुलांसारखीच असते. ती शिकतात, नोकरी-धंदा करतात, संसार करतात. मात्र तान्हेपणी त्यांना जपावे लागते. मान आणि पाठ बळकट होण्यापूर्वी त्यांना बळेच बसवू नये. झोपेत श्वास अडत असेल तर विलंब न करता डॉक्टरांना दाखवावे, कारण कवटीच्या तळाचे छिद्र अरुंद असल्यास मज्जारज्जूवर दाब येतो.

संदेशमार्ग कळल्यामुळेच औषधाचा रस्ताही सापडला. शरीरात सीएन्‌पी नावाचे एक प्रथिन असते. ते या अडकलेल्या लगामाचा निरोप पेशीच्या आत मधल्या एका कुंडीपाशी अडविते. त्यावरून वोसोरिटाइड हे औषध बनविले गेले. ५ ते १८ वर्षांच्या १२१ मुलांवर वर्षभर चाचणी घेतली, तेव्हा हे औषध घेणाऱ्या मुलांची उंची इतरांपेक्षा वर्षाला सुमारे दीड सेंटिमीटर अधिक वाढली. २०२१ साली युरोपात व अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली. रोज टोचून घ्यावे लागणारे हे औषध फार महाग आहे, आणि वाढीची पट्टी उघडी असेपर्यंतच त्याचा उपयोग होतो.

ठेंगणेपणाचे दुसरे काही विकार मात्र आई व बाप या दोघांकडून एकेक सदोष जनुक आल्याने होतात. मॉर्किओ विकार त्यांपैकी एक. दोघेही वाहक असतील तर दर खेपेला चारांत एक मूल बाधित होण्याचा संभव असतो. नात्यात लग्न झाले की दोघांकडे तेच सदोष जनुक असण्याची शक्यता वाढते. आपल्याकडे मुसलमानांत चुलत-मावस भावंडांची लग्ने होतात. महाराष्ट्रातील कित्येक हिंदू समाजांतही मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल आहे. म्हणून घराण्यात असे मूल झालेले असेल, तर नात्यातील सोयरीक ठरविण्यापूर्वी जनुकतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. यात कोणाच्या घराण्याला कमीपणा नाही.

सांधा आणि हालचाल

सांध्यातील कूर्चा हाडाच्या नमुन्यातील कूर्चेहून वेगळी. नमुन्याची कूर्चा हाड होऊन संपते. सांध्याची जन्मभर राहावयाची असते. दोघी एकमेकींना लागून असताना एकीने मरावे आणि एकीने राहावे, हे कसे ठरते ? आयआयटी कानपूर येथील डॉ. अमिताभ बंद्योपाध्याय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे दाखविले की, बीएम्‌पीचा निरोप सांध्याच्या जागी पोहोचू न देणे आवश्यक असते. तो तेथे पोहोचला तर सांध्याची कूर्चाही हाडाच्या वाटेला लागते.

हालचाल हाही एक निरोपच आहे. अंड्यातील पिल्लाचे स्नायू औषधाने लुळे केले तर त्याचे सांधे नीट सुटत नाहीत, चिकटून राहतात. पोटातील बाळ लाथा मारते तेव्हा आई सुखावते. ते बाळ आपले सांधे घडवीत असते. जन्मानंतरही खुब्याची वाटी मांडीच्या गोळ्याच्या दाबानेच खोल व गोल होते. म्हणून बाळाचे पाय सरळ ताणून घट्ट बांधून ठेवू नयेत. त्याने खुबा सरकण्याचा धोका असतो. दुपट्यात पाय हलविण्यास मोकळीक असावी. आपल्या आजीबाई बाळाला दोन पाय फाकवून कडेवर घेत, ती रीत खुब्याला हितकर आहे.

बाहेरून येणारे निरोप

वाढीची पट्टी केवळ शेजाऱ्यांचेच ऐकते असे नाही. मेंदूच्या तळाची ग्रंथी, गळ्यातील थायरॉइड ग्रंथी यांचे निरोप रक्तातून तेथे येतात. थायरॉइडला आयोडीन लागते. म्हणून आयोडीनयुक्त मीठच वापरावे आणि त्याची पिशवी उघडी ठेवू नये.

ड जीवनसत्त्व कमी पडले तर कॅल्शियम व फॉस्फेट कमी पडतात. फुगलेल्या पेशींना ‘आता जागा सोडा’ हा इशारा फॉस्फेटकडून मिळतो. तो न मिळाल्याने त्या साचून राहतात. पट्टी रुंद आणि मऊ होते, मनगटे जाड दिसतात, पायांना बाक येतो. हाच मुडदूस. त्याला नुसते तेल चोळून किंवा पट्ट्या बांधून भागत नाही. अंगावर ऊन घ्यावे, आहारात दूध, नाचणी, डाळी असाव्यात, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध घ्यावे. वेळीच उपचार झाले तर पुष्कळ मुलांचे पाय पुन्हा सरळ होतात.

वयात येताना इस्ट्रोजेन या संप्रेरकाचा निरोप येतो आणि पट्टी हळूहळू बंद होते. हे मुलींप्रमाणे मुलग्यांतही होते. १९९४ साली एका अठ्ठावीस वर्षांच्या पुरुषाची हकीकत प्रसिद्ध झाली. त्याच्या शरीराला इस्ट्रोजेनचा निरोप घेताच येत नव्हता, म्हणून त्या वयातही त्याची उंची वाढतच होती. यावरून एक व्यवहारी गोष्ट शिकावी. मुलींत साधारण पंधराव्या आणि मुलग्यांत सतराव्या-अठराव्या वर्षाच्या सुमारास पट्टी बंद झाली, की जगातील कोणतीही पावडर, गोळी किंवा लटकण्याचा व्यायाम उंची वाढवू शकत नाही. ‘तीन महिन्यांत उंची वाढवा’ अशा जाहिरातींना भुलून तरुण मुले कष्टाचे पैसे घालवितात, हे पाहून शिक्षक या नात्याने मला फार वाईट वाटते.

घराघरांतून काय करावे ?

गर्भारपणाच्या पहिल्या दोन महिन्यांतच हाडांचा सारा आराखडा ठरतो. कित्येकदा आईला दिवस गेल्याची खात्रीही झालेली नसते. १९५७ नंतर काही वर्षे थॅलिडोमाइड हे औषध अनेक देशांत गर्भवतींनी घेतले आणि सहस्रावधी मुले हातापायांवाचून जन्मली. १९६१ साली ते औषध बाजारातून काढून घ्यावे लागले. म्हणून मूल होऊ देण्याचा विचार असलेल्या स्त्रीने मुरुमांच्या तीव्र गोळ्यांपासून कोणतेही औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

मुलाचे हाड मोडले तर परस्पर बांधून घेऊ नये. आधी एक्स-रे काढावा. मोड वाढीच्या पट्टीतून गेली असेल आणि ती नीट बसली नाही, तर हात किंवा पाय वाकडा वा आखूड वाढतो.

प्रत्येक मुलाची उंची वर्षातून दोनदा भिंतीशी उभे करून मोजावी आणि वहीत तारखेसह लिहावी. वर्षभरात उंची नाममात्रच वाढली, किंवा बरोबरीच्या मुलांपेक्षा मूल सारखे मागे पडत गेले, तर दैवावर हवाला न ठेवता दाखवावे. २०१३ साली पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी व सरकारी शाळांतील मुलांची मोफत तपासणी होते. तिच्यात मुडदूस, खुबा सरकणे, जन्मजात पाय वाकडा असणे यांचाही समावेश आहे. दुर्मीळ विकारांसाठी केंद्र शासनाने २०२१ च्या धोरणानुसार नेमलेल्या रुग्णालयांत मुंबईचे के. ई. एम्. आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात बुटकेपणाचाही समावेश असून प्रौढपणी ज्याची उंची १४७ सेंटिमीटर किंवा त्याहून कमी असते, त्यास त्या नियमांचा आधार मिळतो. आपल्या हक्काचा दाखला घेण्यात लाज कसली ?

आणि शाळेत असे मूल आले, तर त्याच्या बाकाखाली पाय टेकावयास एक चौरंग ठेवावा, फळ्याजवळ जागा द्यावी, आणि त्याला त्याच्या नावानेच हाक मारावी. यास खर्च जवळजवळ नाही.

आपल्या ट्रस्टने आजवर पाटीपुस्तके आणि औषधपाणी यांसाठी हात पुढे केला आहे. या महोत्सवी वर्षात प्रत्येक सभासदाच्या घरी मुलांच्या उंचीची एक वही सुरू व्हावी, अशी माझी नम्र सूचना आहे. आईच्या पोटात एका पेशीने दुसरीला वेळेवर निरोप दिला, म्हणून आपण ताठ उभे राहू शकलो. शेजारच्या घरातील मूल मागे पडत असेल, तर तो निरोप वेळेवर पोहोचविणे एवढे तरी आपण करू या.